अंगावर रोज गांधी उठतात. झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी कशी आणि किती दिवस घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३८. गेले दोन महिने जवळजवळ रोज संध्याकाळी अंगावर गांधी उठतात, प्रचंड खाज सुटते आणि सकाळपर्यंत सगळं मावळतं. सेटिरिझिनने आराम पडतो, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंग येते. म्हणून मेडिकलवाल्याने फेक्सोफेनाडिन १८० दिली. ती रोज घ्यायची की गांधी उठल्या की? किती दिवस घेतलेली चालते? धुळीने शिंका येतात त्यालाही तीच का? आणि घरी ७० वर्षांच्या आईलाही अंगाला खाज असते, तिला मधुमेह आणि रक्तदाब आहे, तिला यातलीच एक दिली तर चालेल का?

आधी सरळ उत्तर देतो. गोळी रोज घ्या, ठरलेल्या वेळी घ्या, साध्या पाण्याबरोबर घ्या. गांधी उठोत न उठोत, घ्या. डॉक्टरांच्या नजरेखाली ती कित्येक महिने घेता येते. तिची सवय लागत नाही, आणि रोज घेतली म्हणून तिचा गुण ओसरत नाही. आईचं उत्तर मात्र वेगळं आहे, ते शेवटी.

आता रोजच का, ते समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. त्वचेत मास्ट नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात हिस्टामाइन साठवलेलं असतं. ते बाहेर पडून बारीक रक्तवाहिन्यांवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या जागेला, चिकटलं की वाहिन्या पाझरतात, त्वचा फुगते, खाज सुटते. गोळी हिस्टामाइन नष्ट करत नाही, ते बाहेर पडणंही फारसं थांबवत नाही. ती फक्त रिसेप्टर आधीच अडवून ठेवते. त्वचेत पाझरलेलं पाणी गोळीने परत ओढलं जात नाही; ते ओसरायला जो वेळ लागायचा तो लागतोच. म्हणून गांधी उठल्यावर घेतलेली गोळी म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारायला घेणं. तुम्हाला संध्याकाळी त्रास होतो, तर गोळी दुपारी किंवा सकाळी घ्या. पोटात गेल्यावर एक ते तीन तासांत तिची रक्तातली पातळी सर्वांत वर जाते आणि परिणाम दिवसभर टिकतो. एक दिवस चुकला तर आठवण झाल्यावर घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका.

फेक्सोफेनाडिनच्या बाबतीत 'कशाबरोबर घेतली' याला फार महत्त्व आहे. आतड्याच्या भिंतीतली काही वाहक प्रथिनं ही गोळी रक्तात नेतात. संत्रं, सफरचंद आणि ग्रेपफ्रूट यांचा रस त्या प्रथिनांच्या कामात अडथळा आणतो. भरपूर रस प्यायल्यास गोळीचं शोषण निम्म्याहूनही खाली येतं. सकाळी नाश्त्याला पॅकबंद संत्र्याचा रस आणि त्यासोबत गोळी, असा ज्यांचा क्रम असतो ते महिनाभराने सांगतात, 'ही गोळी मला लागूच पडत नाही.' गोळी चांगलीच असते, ती रक्तात पोचलेलीच नसते. रस प्यायचाच असेल तर गोळीपासून चार तास दूर ठेवा.

दुसरा अडथळा ॲन्टासिडचा, आणि आपल्याकडे तो जास्त घडतो. अंगावर 'पित्त उठलं' असं आपण म्हणतो, आणि घशाशी आंबट येतं त्यालाही पित्तच म्हणतो. मग गांधी उठल्या की लोक जेलुसिल, डायजिनसारखं काहीतरी घेतात किंवा सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी सुरू करतात. पोटातल्या आम्लाचा आणि या गांधींचा काही संबंध नाही. उलट ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेलं ॲन्टासिड फेक्सोफेनाडिनबरोबर घेतलं तर तिचं शोषण सुमारे ४० टक्क्यांनी घटतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीने हा अडथळा येत नाही. मेडिकलच्या दुकानात 'पित्ताची गोळी द्या' असं म्हणू नका, औषधाचं नाव घेऊन मागा. आमसुलाचं पाणी अंगाला लावल्याने गार वाटतं, खाज थोडा वेळ कमी होते. त्याला माझी हरकत नाही. पण तो गोळीला पर्याय नाही.

झोपेचं म्हणाल तर यात तीन थर आहेत. जुनी औषधं, म्हणजे एविल, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, सरळ मेंदूत जातात. झोप येते, आणि झोप आल्यासारखं वाटलं नाही तरी लक्ष व प्रतिसाद मंदावतात. दुचाकी चालवणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळीही असू शकतो. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन नव्या पिढीतल्या, पण थोड्याफार मेंदूत पोचणाऱ्या. अमेरिकेतल्या चाचण्यांत १० मि.ग्रॅ. सेटिरिझिन घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना पेंग आली. बिनऔषधाची गोळी दिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. म्हणजे तुमची तक्रार खरी आहे, पण ती सगळ्यांना येत नाही. ज्याला सेटिरिझिनने काही होत नाही त्याने ती बदलायचं कारण नाही. ती स्वस्त आहे आणि चांगली आहे. फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिन मेंदूत जवळजवळ जातच नाहीत, लोराटाडिन नेहमीच्या डोसला क्वचितच पेंग आणते. तरीही कोणत्याही नव्या गोळीचा पहिला डोस सुट्टीच्या दिवशी घ्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका.

मोठ्यांसाठी नेहमीचे डोस, दिवसातून एकदा: सेटिरिझिन १० मि.ग्रॅ., लिव्होसेटिरिझिन ५, लोराटाडिन १०, डेसलोराटाडिन ५, फेक्सोफेनाडिन गांधींसाठी १८० आणि नाकाच्या ॲलर्जीसाठी १२०, बिलास्टिन २०. बिलास्टिन उपाशीपोटीच: खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. जेवणानंतर लगेच घेतली तर शोषण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, आणि फळांच्या रसाचा नियम तिलाही लागू आहे.

हृदयाबद्दल भीती असेल तर ती कुठून आली ते सांगतो. टरफेनाडिन हे पहिलं झोप न आणणारं औषध. ठरावीक अँटिबायोटिक किंवा बुरशीच्या औषधाबरोबर घेतल्यावर रक्तात त्याचं प्रमाण वाढायचं आणि हृदयाची लय जीवघेणी बिघडायची, म्हणून ते बाजारातून काढलं गेलं. शरीरात टरफेनाडिनचं जे रूपांतर होतं तेच फेक्सोफेनाडिन, आणि त्यात लय बिघडवण्याचा तो दोष नाही. एबास्टिन किंवा रुपाटाडिन या ॲलर्जीच्याच गोळ्या घेणाऱ्याने मात्र एरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल यांसारखं औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

रोज घेऊनही गांधी थांबल्या नाहीत तर? किमान दोन आठवडे, जमल्यास चार, नियमित घेऊन बघा. तोवर एका वहीत रोज दोन आकडे लिहा. गेल्या २४ तासांत गांधी नसतील तर ०, वीसपेक्षा कमी असतील तर १, वीस ते पन्नास २, त्याहून जास्त किंवा एकमेकांत मिसळलेल्या ३. खाजेलाही तसेच ० ते ३. सात दिवसांची बेरीज ४२ पर्यंत जाऊ शकते. ६ किंवा त्याखाली असेल तर आजार चांगला आटोक्यात आहे. 'थोडं बरं आहे' या उत्तरापेक्षा हा आकडा डॉक्टरांना दहापट उपयोगी पडतो. गांधी सकाळपर्यंत मावळतात, म्हणून संध्याकाळी मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

बेरीज खाली येत नसेल तर पुढची पायरी त्याच गोळीचा डोस वाढवण्याची असते, चौपटीपर्यंत. जगभरच्या त्वचारोग आणि ॲलर्जी संघटनांच्या मार्गदर्शक तत्त्वांत ही पायरी आहे. पण ती डॉक्टरांनी मूत्रपिंड, यकृत आणि इतर औषधं बघून ठरवायची. पाकिटावर छापलेल्या डोसपलीकडे स्वतःहून जायचं नाही. दोन वेगळ्या गोळ्या एकत्र करायच्या नाहीत. सकाळी फेक्सोफेनाडिन, रात्री लिव्होसेटिरिझिन, मध्येच एविल, हा नेहमी दिसणारा प्रकार आहे. त्याने फायदा फारसा वाढत नाही, झोप मात्र वाढते. चौपटीनेही भागलं नाही तर ओमालिझुमॅबची इंजेक्शनं असतात, ३०० मि.ग्रॅ. दर चार आठवड्यांनी त्वचेखाली. महाग आहेत, पण अनेकांचं आयुष्य त्यांनी पूर्ववत झालं आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या सुरक्षित गोळ्यांना कंटाळून लोक ज्या वाटेला जातात तिची. दवाखान्यात जाऊन 'एविल आणि डेक्सा' टोचून घ्यायचं, किंवा बेटामेथासोनच्या बारीक गोळ्या दुकानातून स्वतःच आणून घ्यायच्या. एका रात्रीत अंग साफ होतं, म्हणून विश्वास बसतो. ते स्टेरॉइड आहे. तीव्र उठावात डॉक्टर काही दिवस, फार तर दहा दिवस, देऊ शकतात, महिनोन्महिने नाही. थांबवलं की गांधी जोरात परत येतात, आणि तोवर साखर, रक्तदाब, वजन वाढलेलं असतं, हाडं कमजोर होतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

पाकीट वाचायची सवय लावा. नावापुढे 'एम', 'एलसी' किंवा 'एफएक्स' असेल तर त्यात बहुधा मॉन्टेलुकास्ट हे दम्याचं आणि नाकाच्या ॲलर्जीचं औषध मिसळलेलं असतं. गांधींसाठी ते सहसा लागत नाही. त्याने काहींना भयाण स्वप्नं पडतात, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, म्हणजे ॲलर्जीची गोळी चालू असताना सर्दीची घेतली की नकळत दोन औषधं झाली. सोबतच्या फिनायलेफ्रिनने, म्हणजे नाक मोकळं करणाऱ्या औषधाने, रक्तदाब वाढू शकतो.

गोळी थांबवायची कधी? गांधी पूर्ण बंद झाल्यावर साधारण तीन महिने गोळी तशीच चालू ठेवा, मग कमी करून बघा. डोस वाढवलेला असेल तर महिन्याला एक गोळी या गतीने उतरा. परत उठल्या तर शेवटच्या पुरेशा डोसवर या. यात हरल्यासारखं काही नाही. हा आजार बहुतेकांत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आपोआप शमतो, गोळी फक्त तोवरचा काळ सुसह्य करते. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन महिनोन्महिने रोज घेऊन अचानक थांबवल्यावर काहींना काही दिवसांतच सर्वांगाला असह्य खाज सुटते; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये याबद्दल सावध केलं. ती खाज नवी ॲलर्जी नसते. गोळी परत सुरू करून हळूहळू उतरवावी लागते.

दोन महिन्यांच्या गांधींमागे खाण्यातला पदार्थ क्वचितच असतो. वांगं, मसूर, आंबट, अंडी एकेक करून सोडत माणूस वरणभातावर येतो आणि गांधी तशाच राहतात. शंभर पदार्थांचं महागडं ॲलर्जी पॅनेल यात बहुधा फुकट जातं. साधा रक्ताचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी किंवा ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या), गरजेनुसार थायरॉइडची अँटिबॉडी आणि एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित अँटिबॉडी) एवढं सुरुवातीला पुरतं. ज्या गोष्टी खरंच भडका उडवतात त्या वेगळ्या: ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या, दारू, उकाडा, घट्ट पट्टा, मानसिक ताण. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. बांगडा किंवा सुरमई खाल्ल्यावर तासाभरात घरातल्या दोघातिघांचे चेहरे लाल झाले, डोकं ठणकलं, गांधी उठल्या, तर ती बहुधा माशाची ॲलर्जी नसते. बर्फाविना राहिलेल्या माशात हिस्टामाइन तयार होतं आणि शिजवून ते जात नाही.

तुमच्या गांधी खरोखर गांधीच आहेत का, हे एका सोप्या युक्तीने तपासा. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा, वेळ लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. साधी गांध २४ तासांत पूर्ण विरते आणि मागे काही ठेवत नाही. तीच तिथे असेल, खाजेपेक्षा जळजळ किंवा दुखणं जास्त असेल, किंवा जखमेसारखा निळसर डाग मागे राहत असेल तर रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, बेंबीपाशी असणारी आणि घरातल्या इतरांनाही असलेली खाज म्हणजे खरूज. कडा उठलेली गोल चकती म्हणजे गजकर्ण. या दोन्हींवर ॲलर्जीची गोळी फक्त वेळ घालवते.

आता सर्वांत महत्त्वाचं. आवाज घोगरा होणं, जीभ किंवा घसा सुजणं, श्वास लागणं किंवा छातीत घरघर, वारंवार उलट्या, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही गांधींबरोबर किंवा डंख, औषध, खाणं यानंतर झालं तर गोळीची वाट बघू नका. गोळीला काम करायला तास लागतो, श्वासनलिका त्याआधी बंद होऊ शकते. वाचवतं ते ॲड्रेनालिनचं इंजेक्शन: मोठ्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मि.ग्रॅ., गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, सोबत काय खाल्लं-घेतलं ते सांगा. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच करा. उभं करून चालवत नेऊ नका. श्वास फारच लागत असेल तर बसू द्या.

धुळीच्या शिंकांना हीच गोळी चालते: शिंका, नाक-डोळ्यांची खाज, पाण्यासारखं नाक वाहणं, यांवर चांगली. चोंदलेल्या नाकावर कमकुवत. नाक बंद राहत असेल तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा फवारा रोज वापरणं जास्त गुणकारी. मान थोडी पुढे झुकवा, टोक नाकाच्या बाहेरच्या भिंतीकडे ठेवा, फवारा मारल्यावर जोरात ओढू नका. पूर्ण फरक पडायला काही दिवस जातात. झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपलीकडे नकोत, नाहीतर नाक त्यांच्याविना उघडतच नाही. त्वचेवर ॲलर्जीची टोचणी-चाचणी करायची असेल तर गोळी पाच ते सात दिवस आधी बंद लागते. रक्तातल्या आयजीईला तसं बंधन नाही.

गरोदरपणात लोराटाडिन आणि सेटिरिझिन यांचा अनुभव सर्वांत जास्त आहे, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मुलांच्या बाटल्या सारख्या दिसतात पण ताकद वेगळी असते: सेटिरिझिनच्या ५ मि.लि.मध्ये सहसा ५ मि.ग्रॅ., लिव्होसेटिरिझिनच्या ५ मि.लि.मध्ये सहसा २.५. मोजायला बाटलीबरोबरचं मापच वापरा, घरातला चमचा नको. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिनचं मिश्रण देऊ नये, असा इशारा भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये छापायला सांगितला आहे.

आता आई. सत्तरीत, मधुमेह असताना, गोळी देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतं तो आकडा, बघा. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन मूत्रपिंडातून बाहेर जातात. काम कमी झालं असेल तर डोस अर्धा करावा लागतो, फारच कमी असेल तर द्यायचीच नाही. फेक्सोफेनाडिनही अशा वेळी दिवसाला ६० मि.ग्रॅ.पासून सुरू करतात. एविल आणि त्या जातीची गोळी तिला नकोच: रात्री तोल जाणं, पडणं, लघवी अडकणं, गोंधळल्यासारखं होणं हे त्या वयात सहज घडतं. शिवाय गांधी नसताना नुसती खाज असेल तर ॲलर्जीपेक्षा कोरडी त्वचा, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचा विचार आधी व्हावा. आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव बघा. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातली असेल आणि कधी ओठ किंवा जीभ सुजली, तर ॲलर्जीच्या कुठल्याही गोळीने ती सूज उतरत नाही. लगेच रुग्णालयात न्या आणि रक्तदाबाच्या गोळीची पट्टी बरोबर घ्या. रक्तदाबाची ती गोळी पुन्हा द्यायची नाही. बदली औषध तिथले डॉक्टर लिहून देतील.